मामाचा काचमहाल

काचूचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथून ते सहसा बाहेर आलं नाही. ती तान्ही असतानाच तिचे आईवडील एका आजारपणात गेले आणि ती मामाच्या घरी आली. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात पाळणा नव्हता. मामा आरसे बनवायचा. काचा ज्यात भरून यायच्या ती लाकडी खोकी मात्र घरात हवी तेवढी होती. त्यातल्याच एका खोक्यात पेंढा, पेंढ्यावर जुनी दुलई आणि दुलईवर ती, अशी तिची पहिली सोय झाली. खोक्याच्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'काच आहे, हळू उचला.' मामा येताजाता ते वाचायचा आणि खरोखरच हळू उचलायचा. त्यावरून ती काचू झाली.

खाली कारखाना आणि वर राहायची खोली. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांब खोली, मधोमध जाड पायांचं टेबल, भिंतीशी पाण्याचं पिंप आणि कोपऱ्यात मोरी. मामा काच टेबलावर आडवी ठेवायचा, खडूच्या पुडीनं घासायचा, धुवायचा, पुन्हा घासायचा. मग दोन बरण्यांमधलं पाणी एकत्र करून तिच्यावर ओतायचा. एका बरणीत चांदी विरघळलेली असायची, दुसरीत साखर. काचेवरचं पाणी आधी नुसतं पाणीच दिसायचं. मग ते चहासारखं व्हायचं, मग गढूळ, मग काळपट. आणि आता सगळं बिघडलं असं वाटत असतानाच त्या काळपटातून हळूहळू छप्पर वर यायला लागायचं. आधी झरोक्याचा उजेड, मग वासे, मग वाशांवरची कोळिष्टकंसुद्धा.

काचू स्टुलावर उभी राहून हे बघत असे. आरसा बनत नाही, तो उजाडतो, असं तिला वाटे. आणि मग ती विचार करत बसायची, की हा आरसा उद्या कुणाच्याही घरी जावो, न्हाव्याच्या दुकानात लागो नाहीतर नवरीच्या कपाटाला, त्यानं पहिल्यांदा पाहिलं ते आपलंच छप्पर. गावातल्या सगळ्या आरशांच्या तळाशी आपलं छप्पर असणार. लोक रोज त्यात तोंड बघतात आणि त्यांना पत्ताच नाही.

चांदीचं ते पाणी मोठं फसवं. अंगावर उडालं तर काहीच दिसत नाही. पण उजेड लागला की जिथे उडालं तिथे काळा डाग वर येतो, आणि आला की जायचं नाव घेत नाही. मामाची बोटं त्यामुळे कायमची काळी. उजव्या हाताचं मधलं बोट तर फार पूर्वी काचेनं अर्धं नेलेलं. हात दोनदा धुतल्याशिवाय कशाला शिवायचं नाही असा मामीचा कायदा होता, आणि मामा तो पाळायचाही, पण विसरायचाही. त्यामुळे घरातल्या दारांवर, खुर्चीच्या पाठीवर, उशीच्या अभ्र्यावर त्याची बोटं उमटलेली असत.

साखरेवरून तर रोजचाच तमाशा.

"अहो, साखर आधी चहाला की आधी आरशाला?" मामी विचारायची.

"आरशाला," मामा शांतपणे सांगायचा.

"मग आजपासून चहाही आरशालाच पाजा."

एकदा मामीनं साखरेचा पांढरा डबा वरच्या फळीवर लपवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन खोलीत आलं आणि डब्यावर तीन लांब आणि एक आखूड अशी बोटं उमटली.

"कुणी काढला हा डबा?"

"उंदीर असेल," मामा म्हणाला.

"अस्सं! उंदराचंही मधलं बोट काचेनं कापलं वाटतं!"

काचू हसून हसून खोक्यावरून खाली पडली. मामीचं तोंड फार तिखट होतं, पण ती रागावली की घर जिवंत झाल्यासारखं वाटायचं. मामा बोलायचा कमी. त्याचं बोलणं म्हणजे पिंपातून थेंब पडावा तसं, एक पडला की दुसऱ्याची वाट बघायची.

काचूला शाळेत घालायचं मामीनंच काढलं.

"ही पोरगी काल आरशातल्या पोरीला जेवायला बोलवत होती," ती म्हणाली.

"मग आली का ती?"

"थट्टा पुरे. दिवसभर काचांशी बोलते. हिला माणसांत पाठवली पाहिजे. त्या टेकडीवरच्या मुलींच्या शाळेत विचारा."

टेकडीवरची शाळा म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या घरच्या मुलींची. मुली तिथेच राहायच्या आणि सुट्टीत घरी जायच्या. मामा धुतलेले कपडे घालून गेला, संध्याकाळी परत आला, पायरीवर बसून चपला काढल्या आणि म्हणाला, "घेतात म्हणाल्या मोठ्या बाई." कसं जमलं, काय बोलणं झालं, हे काचूला कुणी सांगितलं नाही, आणि त्या वयात तिनंही विचारलं नाही. शाळेनं आपल्याला घेतलं याचा अर्थ आपल्यात काहीतरी घेण्यासारखं असणार, एवढंच तिनं मनाशी धरलं.

शाळेत लांब व्हरांडे होते, उंच खिडक्या होत्या आणि सगळ्यांचे हात स्वच्छ होते. काचूला पहिले काही दिवस ते हातच दिसायचे. गुलाबी नखं, रेघ नसलेली बोटं. शेजारच्या पलंगावर एक मुलगी होती, तिचे केस इतके मऊ होते की सगळ्या तिला रेशीम म्हणत. एका संध्याकाळी रेशीमनं विचारलं, "तुझ्या घरी काय असतं गं?"

"मामाचं काचेचं काम आहे."

"काचेचं? म्हणजे मोठं?"

काचूनं थोडा विचार केला. "घरभर काचा आहेत," ती म्हणाली. "कुठेही उभं राहिलं तरी आपणच दिसतो. वर बघितलं की आभाळ, आणि खाली बघितलं तरी आभाळच."

यात सगळंच काही खोटं नव्हतं. झरोका उघडा असला की टेबलावरच्या काचेत खरंच आभाळ दिसायचं. पण तिनं ते असं सांगितलं, की ऐकणाऱ्या मुली पलंगावर उठून बसल्या. कुणीतरी म्हणालं, काचमहाल! काचू गप्प राहिली. आठवड्याभरात त्या महालाला जिने आले, महिन्याभरात कुणीतरी मधोमध कारंजं बसवलं. ती सुट्टीत घरी जायची तेव्हा मुली म्हणायच्या, "काय बाई मजा आहे तुझी!" आणि ती घरी पोचून मोरीपाशी पाय धुवायची. हळूहळू तिला स्वतःलाही झोपेच्या काठावर कारंज्याचा आवाज येऊ लागला. तो पिंपाच्या तोटीचा आवाज आहे, हे तिला कळायचं, पण डोळे उघडावेसे वाटत नसत.

वर्षं गेली. काचू उंच झाली, तिचं वाचन शाळेत सगळ्यांत चांगलं झालं. घरी आली की ती आता स्टुलावर चढायची नाही, वरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसायची. मामीनं चहाचा पेला पुढे केला की आधी त्याच्या कडेवर डाग आहे का बघायची. मामीच्या नजरेतून ते सुटायचं नाही.

"पुसलाय हो, राणीसाहेब," मामी म्हणायची.

प्रत्येक सुट्टीत एक दिवस मामा सकाळीच बरण्या पिशवीत घालून, "बाहेरचं काम आहे," म्हणून जायचा आणि उन्हं उतरल्यावर यायचा. काचूनं कधी कुठे म्हणून विचारलं नाही.

शेवटच्या वर्षी शाळेत एक गोष्ट घडायची होती. रेशीमची आई, जिला सगळे बॅरिस्टरीणबाई म्हणत, रेशीमला पुढच्या शिक्षणासाठी समुद्रापलीकडे घेऊन जाणार होती आणि सोबतीला शाळेतली आणखी एक मुलगी न्यायची, तिचंही शिक्षण करायचं, असं तिनं ठरवलं होतं. वार्षिक समारंभात नाव जाहीर व्हायचं होतं. आणि ते नाव काचूचं असणार, हे भिंतींनासुद्धा माहीत होतं.

"मुलगी हुशार आहे, बोलते किती छान," बॅरिस्टरीणबाई मोठ्या बाईंना म्हणाल्या होत्या, आणि रेशीमनं ते शब्दन् शब्द काचूला आणून सांगितलं होतं. "आणि घरही चांगलं. अशा घरातल्या मुलीला आपल्याबरोबर न्यायला संकोच वाटत नाही."

काचू तेव्हापासून जमिनीवरून चालतच नव्हती. आंघोळीच्या पाण्यात तिला समुद्र दिसायचा. जहाजाच्या कठड्याशी उभ्या असलेल्या एका मुलीची पाठ दिसायची, आणि ती मुलगी वळली की तिला चेहरा नसायचा, नुसता उजेड असायचा.

समारंभाच्या आदल्या दिवशी पोशाखासह तालीम होती. शाळेच्या दिवाणखान्यात एक फार मोठा आरसा होता, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा. इमारत बांधताना आधी तो आत आला आणि मग दरवाजा बसवला, त्यामुळे तो बाहेर नेणं शक्यच नव्हतं. त्याचा खालचा कोपरा एकाएकी काळवंडला होता. पाहुणे यायचे आणि कोपरा असा, म्हणून मोठ्या बाईंनी घाईघाईनं निरोप पाठवला होता.

काचू आणि रेशीम वाचनाचा उभा मेज न्यायला दिवाणखान्यात शिरल्या तेव्हा पडदे ओढलेले होते. आरसा भिंतीवरून उतरवून जमिनीवर लाकडी ठोकळ्यांवर पालथा ठेवला होता, आणि त्याच्यापाशी गुडघे टेकून मामा बसला होता. तो कोपऱ्यावर पाणी ओतत होता. चहाच्या रंगाचं पाणी.

मामानं वर बघितलं. काचू लांब बाह्यांच्या पांढऱ्या झग्यात होती. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी लख्ख आलं आणि लगेच गेलं.

"कोण गं हा?" रेशीम कुजबुजली. "तुझ्याकडेच बघतोय."

जहाज, कठडा, समुद्र, सगळं एका क्षणात काचूच्या डोळ्यांपुढून गेलं.

"आरसेवाला असेल," ती म्हणाली.

"हो ताई," मामा म्हणाला. "आरसेवाला. तुम्ही या बाजूनं जा, इकडे ओलं आहे."

ताई म्हणाला. तुम्ही म्हणाला. ज्यानं तिला खोक्यातून उचललं तो. काचू गर्रकन वळली, एकदाचं बाहेर जावं म्हणून, आणि ओल्या फरशीवर तिचा पाय सटकला. ती काचेवर पडणार तोच मामानं तिचा उजवा हात मनगटाच्या वर घट्ट धरला.

"बाप रे, काच गेली असती!" रेशीम म्हणाली.

"काच काय, पुन्हा करता येते," मामा म्हणाला. "ताईंना लागलं असतं." मग त्यानं आपल्या ओल्या हाताकडे बघितलं आणि तिच्या बाहीकडे बघितलं. "ताई, ती बाही…"

"काही लागलेलं नाही," काचू बाहीकडे बघून घाईनं म्हणाली. बाही पांढरीशुभ्र होती. दोघी मेज उचलून निघून गेल्या.

त्या घरात वाढलेल्या पोरीला हे कळायला हवं होतं. लहानपणी तिनं डोळे मिटूनही सांगितलं असतं, की आत्ता काही दिसत नाही याला काही अर्थ नाही. पण स्वच्छ हातांमध्ये राहून राहून ती ते विसरली होती. तालीम झाल्यावर तिनं झगा उतरवला, कपाटात टांगला आणि दार लावलं. आत अंधार होता.

दुसऱ्या दिवशी समारंभ शाळेपुढच्या हिरवळीवर होता. ऊन कोवळं नव्हतं, चांगलं खणखणीत होतं. पाहुणे छत्र्या उघडून बसले होते. पुढच्या रांगेत बॅरिस्टरीणबाई. काचू मेजामागे उभी राहिली, स्वागताचा कागद दोन्ही हातांत धरला आणि वाचू लागली.

पहिल्या काही ओळी छान गेल्या. मग तिला वाटलं, कागदावर झाडाची सावली पडली आहे. पण ती कागदावर नव्हती. तिच्या उजव्या बाहीवर, मनगटाच्या वर, फिकट तपकिरी असं काहीतरी उगवत होतं. चहाच्या रंगाचं. ती वाचत राहिली. तोंड आपोआप चालत होतं. एक बोट आलं. त्याच्या शेजारी दुसरं आलं, आखूड. मग तिसरं, मग करंगळी. कुणीतरी पलीकडच्या बाजूनं, अगदी सावकाश, तिचा हात पुन्हा धरत होतं.

ती काही घाबरली नाही, हेच नवल. हिरवळ, छत्र्या, माणसं सगळी दूर गेली, पाण्याखाली गेल्यासारखी, आणि त्या पाण्यात फक्त ती चार बोटं काळी होत होती. तिला आठवला तो कालचा स्पर्श. त्या हातानं किती घट्ट धरलं होतं, हे तिला काल कळलंच नव्हतं, आज कळलं. काच गेली तरी चालेल म्हणणारा, आणि ताई म्हणणारा.

वाचन संपलं, टाळ्या वाजल्या. बॅरिस्टरीणबाई उठून जवळ आल्या, मागोमाग रेशीम आणि मोठ्या बाई.

"छान वाचलंस हं," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर खाली गेली. "अगं, हे काय लागलं बाहीला? शाई सांडलीस?"

किती सोपं होतं. हो म्हणायचं, बस. शाई कुणाच्याही बाहीला लागते. रेशीम हसत होती. मोठ्या बाई मात्र त्या डागाकडे बघत होत्या आणि मग त्यांनी काचूकडे बघितलं.

"शाई नाही," काचू म्हणाली. "हात आहे. माझ्या मामाचा."

"मामाचा? म्हणजे ते आले आहेत? मग भेटव ना!"

"काल आले होते. दिवाणखान्यातला आरसा दुरुस्त करायला. मी पडत होते, त्यांनी धरलं. चांदीचं पाणी लागलं की दुसऱ्या दिवशी असं काळं होतं. आमच्या घरात सगळीकडे आहे असं."

"तो आरसेवाला?" रेशीमचा आवाज चढला. "काल तर तू म्हणालीस…"

"म्हणाले. ओळख नाही दाखवली."

"आणि काचमहाल? आणि कारंजं?"

"महाल मी बांधला," काचू म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही येत होतं. "कारंजं मात्र तुम्ही बसवलंत."

बॅरिस्टरीणबाई वाईट नव्हत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. रुमालानं कपाळ टिपलं आणि म्हणाल्या, "आरसे करणं काही कमीपणाचं नाही हो. पण जी मुलगी घरच्या माणसाला परका म्हणते, ती तिकडे जाऊन मला काय म्हणेल?" आणि त्या वळून गेल्या. थोड्या वेळानं दुसऱ्या एका मुलीचं नाव जाहीर झालं. ती मुलगी इतकी गोंधळली की तिनं मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला बोलावलं असेल म्हणून.

काचू व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहिली. मोठ्या बाई येऊन शेजारी बसल्या. शाळेत असं पायरीवर बसलेलं त्यांना कुणी कधी बघितलं नव्हतं.

"त्यांचं म्हणणं बरोबर आहे," काचू म्हणाली.

"बरोबर आहे. पण अर्धंच. तुझ्या मामांनी मला पहिल्या दिवशीच काय सांगितलं होतं, माहीत आहे? मी म्हटलं होतं, जागा आहे, पण फी तुम्हाला झेपेल असं नाही. तर म्हणाले, शाळेतले सगळे आरसे मी जन्मभर सांभाळीन, मुलीला शिकवा. दर सुट्टीत येऊन जातात ते. तू नसताना."

"बाहेरचं काम…" काचू पुटपुटली.

"आणि जाताना म्हणाले, एक विनंती आहे. कधी मुली असताना यायची वेळ आली, तर मी तिला ओळख दाखवणार नाही, तुम्हीही दाखवू नका. माझे हात हे असे. तिला मैत्रिणींत अवघड व्हायला नको."

काचूनं गुडघ्यांत तोंड घातलं.

"आता रडत बसू नकोस," मोठ्या बाई म्हणाल्या. "घरी जाऊन ये."

ती झग्यातच गेली, गाव ओलांडून, भर उन्हात. वाटेत बोटं आणखी गडद झाली. दारात मामी धान्य निवडत बसली होती. तिनं आधी काचूकडे बघितलं, मग बाहीकडे, आणि सुपातलं धान्य तसंच ठेवून आतल्या बाजूला ओरडली, "अहो! तुमचा उंदीर शाळेत पोचला बघा!"

मामा मोरीपाशी हात धूत होता. बाहेर आला, बाही बघितली आणि त्याचा चेहरा उतरला.

"मी सांगणार होतो गं," तो म्हणाला. "पण ती दुसरी ताई होती. रात्रभर मला तेच. पोरीचं काम बिघडलं असणार. बिघडलं ना?"

"बिघडलं," काचू म्हणाली. "मामा, मी तुला ओळखलं नाही म्हणाले."

"मग? मीही म्हणालो की. आधी मीच म्हणालो, पार पहिल्या दिवशी."

"हेच! हेच मी सांगत होते," मामी उठलीच. "मामा म्हणे ओळख नाही, भाची म्हणे ओळख नाही. दोघं एकमेकांना जपता जपता परके व्हायला निघाले! मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, दारातून सरळ जा आणि म्हणा, मी मामा. पण माझं कोण ऐकतं? मी काय, साखर सांभाळायला!"

मामानं हात पुढे केला, मधेच थांबला, पुन्हा मोरीपाशी गेला आणि हात दुसऱ्यांदा धुऊन आला. मग त्यानं काचूच्या डोक्यावर हात ठेवला.

"समुद्र गेला का गं?" त्यानं विचारलं.

"गेला."

"फार हवा होता?"

"हो," काचू म्हणाली. खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता. "फार."

मामानं मान हलवली. समजूत घातली नाही, होईल सारं ठीक असंही म्हणाला नाही. नुसता तसाच उभा राहिला, आणि ते तिला बरं वाटलं.

समुद्र तिनं पुढेही कधी बघितला नाही. ती त्याच शाळेत लहान मुलींना वाचायला शिकवू लागली आणि केस पांढरे होईपर्यंत शिकवत राहिली. मुली म्हणत, बाई वाचून दाखवतात तेव्हा भिंत मागे सरकते आणि तिथे पाणी दिसतं. पण ते सगळं पुढचं. त्याआधी, दिवाणखान्यातला तो आरसा समारंभापर्यंत काही उभा राहिला नव्हता, अजून जमिनीवरच होता.

कोपऱ्यावरची चांदी चांगली वाळल्याशिवाय मागून रंग देता येत नाही, आणि रंग वाळल्याशिवाय आरसा उभा करता येत नाही. तो उभा करायच्या दिवशी मुली शाळेतच होत्या. मामा फाटकातून आला, मागच्या नाही, पुढच्या. त्याच्या एका बाजूला पिशवी घेतलेली काचू आणि दुसऱ्या बाजूला मामी. मामीनं ठेवणीतलं नेसलं होतं आणि ती वाटेत भेटेल त्या मुलीला थांबवून सांगत होती, "मी हिची मामी. हे हिचे मामा. आरसा बसवायला आलोय."

मुली कुजबुजल्या, एकदोघी हसल्याही. काचूचे कान लाल झाले. पण तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "मामी, पायरी आहे, जपून." रेशीम दिवाणखान्याच्या दारात उभी होती. दरवाजा मिटत होता, तो तिनं पायानं धरून ठेवला.

शिपाई, माळी आणि मामा यांनी मिळून आरसा उचलला, भिंतीला टेकवला आणि वर चढवला. मामानं पडदे बाजूला सारले. दिवाणखाना एकदम दुप्पट झाला. मामी समोर उभी होती. ती आरशात बघत होती, मान पुढे काढून, कपाळाला आठ्या घालून.

"अहो, ही म्हातारी कोण?"

"कोण म्हणजे? तूच."

"मी?" मामीनं केसांवर हात नेला. आरशातल्या म्हातारीनंही नेला. "हे एवढे पांढरे? आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत!"

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

"कसं माहीत असणार? जन्म गेला आरसेवाल्याच्या घरात, आणि सगळे मेले पालथे! सरळ झाला की गेला लोकाघरी!"

मुली खो खो हसल्या, मोठ्या बाईंनी तोंडावर पदर घेतला. मामी मात्र हसली नाही. ती आणखी एक पाऊल पुढे गेली, तोंड या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं, आणि हळूच म्हणाली, "वाईट नाही तशी." मग मागे न बघताच हुकूम सोडला, "काचू, इकडे ये. उभी राहा अशी. तुम्हीपण या हो."

"माझे हात…" मामा म्हणाला.

"हात राहू द्या. तोंड आणा."

तो येऊन उभा राहिला. आरशात तिघं झाले. काचूला वाटलं, आपण हे कधी बघितलंच नव्हतं. एवढ्या काचांच्या घरात वाढलो, पण तिघं एकत्र कधी दिसलोच नव्हतो. मामी सरळ स्वतःकडे बघत होती. मामाची नजर मात्र खाली, कोपऱ्याकडे होती, जिथे नवी चांदी जुन्या चांदीला मिळत होती.

"सांधा जरा दिसतोच," तो म्हणाला.

"कोपऱ्यात काय बघताय?" मामी म्हणाली. "इकडे बघा."

मामानं वर बघितलं.